आत्याच्या म्हशीचं तेल

इंजिनात घालायचं तेल मधाच्या रंगाचं असतं आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये घालायचं तेल लाल. गुलाबाच्या सरबतासारखं लाल. वर्गातल्या मुलींना गाडीला चाकं सोडून आणखी काय असतं याचा पत्ता नव्हता, तेव्हापासून मला हे ठाऊक आहे आणि त्याचा मला उगीचच अभिमान आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी भांडुपला परबांच्या गॅरेजमध्ये त्या तेलाच्या नव्या कॅनचं झाकण मी फिरवलं आणि तो वास आला. थोडा रॉकेलचा, थोडा नव्या रबरी चपलांचा आणि त्यांच्या मागे कुठेतरी गोडसर. किती वर्षांत तो घेतला नव्हता! माझ्या स्वतःच्या गाडीचं तेल मी कधी पाहिलेलंही नाही. ती सर्व्हिसला जाते, आंघोळ करून परत येते, मोबाइलवर मेसेज येतो, संपलं. तो वास आला आणि मी झाकण हातात धरून नुसतीच उभी राहिले.

गाडी आत्याची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, कुमुद. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला आणि डावा पाय तसाच राहिला. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर बांधून ती उभं आयुष्य उभी राहिली. भांडुपच्या एका इंजिनीअरिंग कारखान्यात ती ट्रेसर होती. म्हणजे इंजिनिअरांनी पेन्सिलीने काढलेली यंत्रांची चित्रं पारदर्शक कागदावर शाईने उतरवून घ्यायची. तीस वर्षं तिने नट, बोल्ट, दाते आणि खाचा गिरवल्या. गाडी चालवायला मात्र क्लच लागतो आणि क्लचला डावा पाय लागतो. त्या काळात आपल्याकडे क्लच नसलेल्या गाड्या शोधूनही सापडायच्या नाहीत. मग कुठल्याशा परदेशी साहेबाने देश सोडताना विकायला काढलेली एक जुनी, उंच, डोंगर चढणारी जीप तिने घेतली. काळपट रंगाची, रुंद, जाड टायरांची. आख्खं घर म्हणालं की कुमुदला वेड लागलंय.

वेडबीड काही नव्हतं. छोट्या गाडीत शिरायचं तर वाकावं लागतं आणि कॅलिपर वाकत नाही. या जीपची सीट बरोब्बर आत्याच्या कमरेच्या उंचीवर यायची. पाठ टेकवायची, मागे सरकायचं, पाय हाताने उचलून आत घ्यायचा, झालं. गाडी आली त्याच आठवड्यात मुलुंडच्या तिच्या सोसायटीच्या दारात पाण्याची पाइपलाइन फुटली आणि ही बया त्या डबक्यात जी बसली ती तासभर उठेना. वॉचमन म्हणाला, "मॅडम, ये तो भैंस है." तेव्हापासून ती म्हैस. खालून तेल ठिबकलं की म्हैस पान्हावली. सकाळी लवकर सुरू झाली नाही तर म्हैस रवंथ करतेय.

मी पाचवी ते आठवी आत्याकडे राहिले. का, ते इथे नको. आईबाबांचं तेव्हा बोरीवलीला जे काय चाललं होतं ते चालू होतं, आणि एका जूनमध्ये माझं दप्तर, दोन फ्रॉक आणि एक उशी घेऊन म्हैस मला मुलुंडला घेऊन आली. तळमजल्यावरचं एका खोलीचं घर. आत्या उठली की कॅलिपरची खीळ गुडघ्याशी बसायची, खट. बसली की सुटायची, खट. त्या आवाजावरून ती घरात कुठे आहे आणि कुठल्या मूडमध्ये आहे हे मला कळायचं. रागावलेली असली की खट जरा जोरात. कारखान्यातून आली की तिच्या पदराला अमोनियाचा वास असायचा, चित्रांच्या निळ्या प्रती काढायच्या यंत्राचा. नाकात झिणझिण्या आणणारा तो वास मला आवडायचा, कारण तो आला म्हणजे आत्या आली.

तो कारखाना आता नाही. तिथे तीन टॉवर आहेत आणि खाली एक दुकान, जिथे फक्त कुत्र्यांच्या वस्तू मिळतात. सहा वाजताचा भोंगा गेला, भोंग्याबरोबर फाटकातून सुटणाऱ्या सायकली गेल्या. नाहूरच्या मिठागरांवर शनिवारी दुपारी गाडी उभी करून आम्ही शेंगदाणे खायचो, तिथे मिठाच्या पांढऱ्या ढिगांवरून तापलेला वारा यायचा आणि ओठ खारट लागायचे. सप्टेंबरात येऊरला वर गवत गाडीच्या दिव्यांएवढं वाढायचं. आत्या काच खाली करायची, गवताची पाती दरवाज्याला घासत जायची, सुर्र सुर्र, आणि ती म्हणायची, "ऐक गं, हा आवाज पायी चालणाऱ्यांना नाही मिळत." मला तेव्हा ते साधंच वाक्य वाटलं होतं. जानेवारीत पनवेलच्या पुढे तिच्या कारखान्यातल्या एका मैत्रिणीच्या शेतात पोपटी लागायची. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, वरखाली भांबुर्डीचा पाला, मडकं उपडं करून भोवती जाळ. शेतापर्यंत रस्ता नसायचा. बांधावरून, ढेकळांवरून म्हैस हलत डुलत जायची आणि बाकीचे पाहुणे आपल्या गाड्या सडकेवर ठेवून मागून चालत यायचे. आयुष्यात एवढ्या एकाच ठिकाणी आत्या सगळ्यांच्या आधी पोचायची. पुढे आठवडाभर सीटांना भांबुर्डीचा धुरकट वास यायचा.

दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. एवढी वर्षं दोघांचं ओझं त्या एकट्या पायाने वाहिलं होतं, दमला बिचारा. म्हैस पार्किंगमध्ये उभी राहिली. उभ्या उभ्या तिच्या खालचं गिअरबॉक्सचं तेलपात्र, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक चेंबर म्हणतात, ते गंजलं आणि कडेने तेल झिरपायला लागलं. डॉक्टरांनी आत्याला गाडी चालवायची परवानगी दिली त्या दिवशी तिने म्हैस सुरू केली, तर गिअर टाकल्यावर गाडी हलायलाच तयार नाही. मनात चार आकडे मोजावेत आणि मग एक धक्का देऊन पुढे सरकावी, असं. बाबांना तर निमित्तच हवं होतं.

"ताई, काढून टाक आता," ते म्हणाले. "मोबाइलवर गाडी दारात येते. नाहीतर एक ड्रायव्हर ठेवू. तुला कुठे जायचं ते सांग, तो पोचवेल."

"मी काय जेवणाचा डबा आहे, कुणी पोचवायला?" आत्या म्हणाली.

"अगं, पण नवी घे मग. आता सगळ्या बिनक्लचच्या मिळतात."

"त्यात शिरायला वाकायला लागतं. आणि माझं वय एकाहत्तर आहे रे. नव्या बाईशी जमवून घ्यायला मला वेळ नाही."

म्हणजे ही गाडी चालली तर आत्या चालवणार, नाही तर ती पुन्हा कधीच काही चालवणार नाही. हे आम्हा तिघांनाही समजलं होतं. 

परब म्हैस आली तेव्हापासूनचे तिचे वैद्य. मूळचे मालवणकडचे, आता सत्तरीला टेकलेले, कंबर धरलेली. त्यांनी गाडीखाली बॅटरी मारून पाहिलं आणि बाहेर येऊन हातच जोडले.

"बाई, हात लावू नकां. जुन्या गिअरबॉक्साक नवा तेल मानवत नाय. आत जी घाण जमलेली आसता ना, तेच्यावरच तो चलता. ती धुवून गेली की गिअर पकडूचेच नाय."

"आणि नाही बदललं तर?"

"तर हळूहळू जातली."

"म्हणजे बदललं तर कदाचित मरेल आणि नाही बदललं तर नक्की मरेल," आत्या म्हणाली. "यात विचार कसला करायचा, परब?"

"माझ्या हातान नको. इतक्या वर्षांची गाडी. माका पाप नको."

"बरं. मग खड्डा द्या तुमचा. आम्ही करतो."

आम्ही म्हणजे मी. म्हैस धक्के खात भांडुपला आणलीही मीच. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडीखाली उभं राहून काम करायला सिमेंटचा खड्डा आहे, त्यात मी उतरायचं आणि आत्याने वर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सांगायचं. नवं चेंबर मी दोन महिने शोधून मागवलं होतं. त्याच्या खोक्याचं झाकण फाडून आत्याने मांडीवर घेतलं, गाडीचा नकाशा न बघता चेंबरची चौकट काढली आणि चौकटीवर जिथे जिथे बोल्ट असतात तिथे तिथे पेन्सिलीने भोकं पाडली. चौदा भोकं. एकाही रेषेला थरथर नाही.

"प्रत्येक बोल्ट निघाला की मला दे. ज्या जागेवरून काढलास त्या जागेचं नाव सांगून दे. ज्याचं घर त्याला."

हे तिचं लहानपणापासूनचं. शिवणयंत्र उघडलं, मिक्सर उघडला, माझी सायकल उघडली, आधी पुठ्ठा. मी कधी स्क्रू वाटीत टाकले की ती म्हणायची, वाटीत टाकायला ते काय फुटाणे आहेत? म्हणून मी खड्ड्यातून ओरडत राहिले, "पुढचा उजवा कोपरा! त्याच्या बाजूचा!" आणि ती वरून एकेक बोल्ट पुठ्ठ्यात खोचत राहिली. परब लांब स्टुलावर पेपर वाचत बसले होते. पान मात्र उलटत नव्हते.

या चेंबरला तळाशी तेल सोडायला बूच नसतं. सगळे बोल्ट काढायचे, एका कोपऱ्यातले दोन नुसते सैल ठेवायचे आणि चेंबर हळूच तिरकं करायचं. हळूच हा शब्द बोलायला सोपा आहे. गंजलेली कड जुन्या पॅकिंगला अशी चिकटलेली होती की निघता निघेना, आणि निघाली तेव्हा एकदमच निघाली. घमेल्यात थोडं, माझ्या कोपरांवरून थोडं, केसांत थोडं. गरम, काळपट, काढ्यासारखं तेल.

"वाट लागली ना माझी!" मी ओरडले.

"मेलीस तरी हातातलं सोडू नकोस," आत्या वरून म्हणाली. "रंग सांग."

"काळा. नाही, तपकिरी."

"बोट दे."

मी खड्ड्यातून हात वर केला. तिने वाकून माझं बोट धरलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. हाच तो क्षण होता. गिअर पकडणाऱ्या आतल्या पट्ट्या जळाल्या असतील तर तेलाला करपट वास येतो, भात तळाला लागल्यावर येतो तसा, आणि तो आला की संपलं, तेल बदलून काही उपयोग नाही. परबांनी पेपर खाली ठेवला. आत्याने पुन्हा एकदा वास घेतला. तिची बोटं माझ्या बोटाभोवती घट्ट होती आणि ती थंड होती.

"करपलेलं नाही," ती म्हणाली. "नुसतं म्हातारं आहे."

मग चेंबरच्या तळातलं लोहचुंबक. गाडीच्या पोटात झिजलेल्या लोखंडाचा चुरा त्याच्यावर जमतो. त्याच्यावर चुऱ्याऐवजी मऊ राखाडी काजळ होतं. एवढं प्रत्येकीच्या पोटात असतंच, असं परब म्हणाले. म्हणताना ते खड्ड्याच्या काठावर येऊन बसलेले होते आणि त्यांच्या हातात पॅकिंग खरवडायची पट्टी होती.

"सर गो बाये. तू सगळ्याक चरे पाडशीत." आणि कंबर धरलेला तो माणूस कण्हत, देवाचं नाव घेत खड्ड्यात उतरला.

आम्ही दोघं डोक्यावर हात करून गाडीच्या पोटाचं जुनं पॅकिंग खरवडत होतो, तेल अजून थेंब थेंब ठिबकत होतं, आणि मला ते सांगावंसं वाटलं. जवळजवळ तीस वर्षं मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. गिअरबॉक्स बिघडला असं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा तेच आलं होतं, की हे माझ्यामुळे.

"आत्या, मी एकदा हिच्यात तेल घातलं होतं."



पाचवीतली दिवाळी. आत्याकडची माझी पहिली. आदल्या संध्याकाळी तिने म्हशीचं बॉनेट उघडून, तेल मोजायची लांब पट्टी नळीतून उपसून पाहिली होती आणि स्वतःशीच म्हणाली होती, "हिला तेल कमी पडतंय. उद्या घालायला हवं." दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. पहाटे तिने मला पाटावर बसवलं, सुगंधी तेल कोमट करून पाठीला, पोटऱ्यांना, कानामागे चोळलं, उटणं लावलं, पाणी घातलं. मग ती स्वतः आंघोळीला गेली. मी नवा फ्रॉक घालून बसले होते. बाटलीत अर्ध्याहून जास्त तेल उरलं होतं. बाहेर फटाके वाजत होते आणि म्हैस थंडीत पारोशी उभी होती.

गिअरबॉक्सचं तेल लाल असतं हे मला ठाऊक होतं. पण दिवाळीच्या दिवशी आपण तरी रोजचं खोबरेल कुठे लावतो? मी बंपरवर चढले, बॉनेट उघडलं, स्वयंपाकघरातलं नरसाळं नळीत बसवलं आणि आख्खी बाटली ओतली. मग उरलेलं उटणं दुधात कालवून पुढच्या बाजूला लावलं. कारीटही ठेवलं तिच्या पुढच्या चाकाखाली, सुरू झाली की फुटेल म्हणून. ते नंतरच्या चार दिवसांत फुटलंच नाही, कारण आत्या म्हणाली पेट्रोल संपलंय. भाऊबीजेला आम्ही रिक्षाने गेलो. पुढे शाळेत कुणीतरी सांगितलं की गाडीत चुकीचं तेल घातलं तर यंत्र आतून खराब होत जातं, हळूहळू, वर्षानुवर्षं. मी त्यानंतर कितीतरी दिवस म्हशीचा प्रत्येक आवाज कान देऊन ऐकायची. आत्याला सांगायचं धाडस झालं नाही. मला वाटायचं, सांगितलं तर मला बोरीवलीला परत पाठवतील. तेव्हा बोरीवलीला माझ्यासाठी नीटशी जागा नव्हती.

हे सगळं मी खड्ड्यातून, वर न बघता सांगितलं. माझं सांगून झाल्यावर आधी परबच हसायला लागले.

"म्हणजे तां तू केलंलंस? गो बाये! त्या वर्षी दिवाळी सरल्यावर मी हिचा तेल सोडलंय तर सगळ्या गॅरेजात मोगऱ्याचो वास. माका वाटला, बाईंनी गाडयेची पूजा करताना देवघरातला तेल घातल्यांनी की काय. इचारलंय तर म्हणतंत, गप बसा आणि दुसरा घाला!"

"तुला माहीत होतं?" मी वर बघितलं.

आत्या पुठ्ठ्यावरचे बोल्ट फडक्याने एकेक पुसत होती. "न्हाणीघराच्या खिडकीतून दिसत होतीस. आंघोळीला बसलेले, कॅलिपर काढलेला. कशीबशी साडी गुंडाळून, पट्टे बांधून दारात येईपर्यंत बाटली उपडी झाली होती."

"मग ओरडली का नाहीस?"

"ओरडायलाच आले होते. तू तिच्या दिव्यांना उटणं चोळत होतीस आणि तिला सांगत होतीस, डोळे मीट गं, झोंबेल." तिने पुसलेला बोल्ट परत पुठ्ठ्यात खोचला. "मग मी आत गेले."

असं म्हटल्याचं मला आठवत नाही. पण ते वाक्य कुणाचं ते मला माहीत आहे. त्या पहाटे माझ्या डोक्यावर पाणी ओतताना आत्याच ते म्हणाली होती. माझं नाक भरून आलं आणि पुसायचं तर दोन्ही हात तेलाने माखलेले. परबांनी खांद्यावरचा पंचा माझ्या तोंडावर टाकला. "पूस. आणि हकडे बघ, पॅकिंग सुटता."

नवं चेंबर काळंभोर, कोरं. त्याच्यावर नवं पॅकिंग, आतली गाळणी नवी. पुठ्ठ्यावरून एकेक बोल्ट आपापल्या घरी. आधी सगळे नुसते बोटांनी, मग पान्याने, तेही ओळीने घट्ट करायचे नाहीत. एक इकडचा की एक समोरचा, नाहीतर चेंबर एका बाजूला दबतं आणि दुसरीकडून गळतं. आत्या वरून क्रम सांगत होती आणि मी पाना फिरवत होते. जुन्या तेलातलं निम्मं वर गिअरबॉक्सच्या आतच राहतं, ते असं सुटत नाही. ते राहिलं याचंच परबांना समाधान होतं.

"अर्धा जुना, अर्धा नवा. सांभाळून घेतला तर घेतला."

"विरजणाला थोडं जुनं लागतंच," आत्या म्हणाली.

लाल तेल नरसाळ्यातून गुळगुळ करत आत गेलं. आत्या उठली, खट. काठी मला दिली. गाडीच्या दाराशी जाऊन तिने पाठ टेकवली आणि जरा वेळ तशीच राहिली. मी पुढे झाले तर तिने नजरेनेच मला जागेवर थांबवलं. मग सरकली, डावा पाय हाताने उचलून आत घेतला, उजवा आपोआप आला. किल्ली फिरवली. इंजिन लागलं.

"रताळं," परब काही बोलायच्या आत मी म्हणाले.

हे आमचं जुनं. गिअरच्या दांड्याशी इंग्रजी अक्षरं असतात, पी, आर, एन, डी. मला ती पाठ होईनात म्हणून आत्याने करून दिलं होतं, पापड, रताळं, नारळ, दही. उभी ती पापडात, मागे जायचं ते रताळ्यात, मोकळी ती नारळात आणि पुढे जायचं ते दह्यात. शाळा सुटली की मी सीटवर उडी मारून सांगायची, "आत्या, दही लाव!" आणि वर्गातल्या मुली बघत राहायच्या.

रताळं पडलं. गाडी मागे जरा दचकली. नारळ. मग दही. मी मोजायला लागले. एक. दोन. तीन. चार. पाच. इंजिन नुसतं घुरघुरत होतं. सहा. गाडी जागची हलली नाही. आत्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ती समोर गॅरेजच्या भिंतीकडे बघत होती. तिचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. कारखाना बंद झाला त्या दिवशीही नव्हे, गुडघ्याच्या ऑपरेशनला आत नेलं तेव्हाही नव्हे. मला वाटलं, आपण हिच्या जिवाला उगीच आशा लावली. बाबांचं ऐकायला हवं होतं.

"थांबा थांबा," परब म्हणाले. त्यांनी तेल मोजायची पट्टी उपसली, फडक्याला पुसली, पुन्हा घालून बघितली. "पोट खय भरलाहा अजून! आतल्या खणांनी सगळा पिऊन टाकल्यांनी."

आणखी अर्धा लिटर. मग आणखी थोडं. नारळ. दही.

एक, म्हणायच्या आत म्हशीचं नाक किंचित खाली झुकलं आणि ती पुढे ओढ घ्यायला लागली. धक्का नाही, आवाज नाही. आत्याने ब्रेक दाबून धरला होता म्हणून, नाहीतर ती निघालीच होती.

"लागलं," आत्या म्हणाली. एवढंच. परबांनी गाडीच्या बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला.

पाच मिनिटं चालू ठेवून चेंबर कुठे गळत नाही ना ते बघितलं. कोरडं होतं. मी पलीकडून दार उघडून नेहमीच्या जागी बसले, पट्टा ओढला. आत्याने आरसा नीट केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उतर."

"म्हणजे?"

"मी एकटी जाणार आहे."

"आत्या, दोन वर्षांनी चालवतेयस. मी नुसती बसते ना. एक शब्द बोलणार नाही."

"तू बसलीस की मी तुला घेऊन चालले असं होतं. नाहीतर तू मला सांभाळतेयस असं होतं. आज मला दोन्ही नकोय." मग तिचा आवाज जरा मऊ झाला. "उतर ना गं."

मला भीती वाटत होती. नवा गुडघा, जुनी गाडी, रविवारची लालबहादूर शास्त्री मार्गावरची गर्दी. मी पट्टा सोडला, उतरले, दार लावलं. खिडकीतून विचारलं, "कुठे जातेस ते तरी सांग."

"येते," ती म्हणाली.

म्हैस गॅरेजच्या फाटकातून हळूच बाहेर पडली. डावीकडचा दिवा लुकलुकला, एक रिक्षा थांबली, आणि ती रस्त्याला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या गाडीला जाताना मी कधी पाहिलंच नाही. पाचवीपासून मी कायम तिच्या आत होते. मागून ती कशी दिसते, एक दिवा दुसऱ्याहून कसा फिका आहे, मागच्या काचेतून आत्याचं पिकलेलं डोकं किती लहान आणि किती ताठ दिसतं, हे मला चाळिशीला आल्यावर त्या फाटकात उभं राहून पहिल्यांदा दिसलं. मी रडत होते. परब मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "येतली गो ती." मला माहीत होतं, आज येईल. एक दिवस ती येते म्हणेल आणि मी अशीच उभी असेन, हेही मला माहीत होतं. सिग्नलपाशी म्हैस जरा थांबली, मग हिरवा लागला, आणि ती अशी अलगद निघाली की गिअर कधी पडला ते कळलंही नाही.